२९० एमबीएच म्हणजे नक्की किती टन? मॅन्युअल अमेरिकन, कोटेशनं तीन, उत्तरं तीन

प्रश्न: नवखा_मेंटेनन्स

मंडळी, नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या प्लँटसाठी चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) घ्यायचाय. मोल्डिंग मशीन अमेरिकेतून आलेलं आहे. त्याच्या मॅन्युअलमध्ये एवढंच दिलंय:

कूलिंग लोड २९० एमबीएच. पाणी ५८ जीपीएम (मिनिटाला गॅलन). पाणी आत जाताना ५० अंश फॅरनहाइट, बाहेर येताना ६०. मशीनमधला प्रेशर ड्रॉप २६ पीएसआय.

कोटेशनं तीन आलीत आणि तिघांची भाषा वेगळी:
अ) २५ टीआर (रेफ्रिजरेशनचे टन), वॉटर कूल्ड. सोबत २५ टीआरचा कूलिंग टॉवर.
ब) ९० किलोवॅट, एअर कूल्ड. डेटाशीटवर ‘पाणी १२/७, हवा ३५’ असं लिहिलंय.
क) ७५,००० किलोकॅलरी/तास, एअर कूल्ड. खाली बारीक अक्षरात ‘पाणी बाहेर १५ अंशाला, हवा ३५’.

आकडेमोड तिघांनी केली. माझ्या हिशोबानं २४.२ टन येतात. सिनियर साहेबांच्या हिशोबानं २९. आणि एक्सेल शीट उणे ५३ टन दाखवतंय! अकाउंट्सचा वेगळाच प्रश्न आहे: ९० किलोवॅटचा चिलर म्हणजे मंजूर भार ९० किलोवॅटनं वाढवायचा का?

शिवाय ड्रायरला गॅस बर्नर आहे, त्यावर ‘इनपुट ४०० एमबीएच’ लिहिलंय. इथला बर्नरवाला १ लाख किलोकॅलरीचा बर्नर देतो म्हणतोय. चालेल का?

---

उत्तर १: चिलरवाला_भोसरी

तुमचे २४.२ बरोबर आहेत. बाकीचे दोन आकडे कुठून आले तेही सांगतो, कारण चुका नेहमीच्याच आहेत.

आधी हे चार आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहा, बाकी सगळं यातूनच निघतं (बीटीयू हे उष्णतेचं ब्रिटिश एकक):

१ किलोवॅट = ३,४१२ बीटीयू/तास = ८६० किलोकॅलरी/तास
१ टीआर = १२,००० बीटीयू/तास = ३,०२४ किलोकॅलरी/तास = ३.५१७ किलोवॅट

एमबीएचमधला ‘एम’ म्हणजे दशलक्ष नव्हे. तो रोमन अंकांतला हजार. २९० एमबीएच म्हणजे २,९०,००० बीटीयू/तास. दशलक्ष सांगायचं असेल तर एम दोनदा लिहितात, एमएमबीटीयू, म्हणजे हजार गुणिले हजार. गॅसच्या बिलावर दिसतो तो हा.

तर २,९०,००० भागिले १२,००० = २४.१७ टीआर. भागिले ३,४१२ = ८५ किलोवॅट. किलोकॅलरीत ७३,०८०. तोंडी हिशोब करायचा असेल तर बीटीयूला चारनं भागा: ७२,५०० येतात. टक्काभरसुद्धा चूक नाही, मीटिंगमध्ये बसल्याबसल्या पुरतं.

आता पाण्याच्या बाजूनं तपासा, ही तपासणी कधीही सोडू नका. अमेरिकन सूत्र: ५०० गुणिले जीपीएम गुणिले फॅरनहाइटमधला फरक. ५०० × ५८ × १० = २,९०,०००. मॅन्युअलमधले तिन्ही आकडे एकमेकांशी जुळले, म्हणजे छपाईची चूक नाही. आपल्या पद्धतीनं त्याहून सोपं: तासाला किती लिटर गुणिले किती अंश सेल्सिअसचा फरक, थेट किलोकॅलरी. ५८ जीपीएम म्हणजे मिनिटाला २१९.५ लिटर, तासाला १३,१७० लिटर. १० अंश फॅरनहाइटचा फरक म्हणजे ५.५६ अंश सेल्सिअस. गुणाकार ७३,२०० च्या आसपास. जुळलं.

साहेबांचे २९ टन: त्यांनी गॅलन ४.५४६ लिटरचा धरलाय. तो ब्रिटिश गॅलन. अमेरिकन गॅलन ३.७८५ लिटरचा. ५८ × ४.५४६ × ६० × ५.५६ केलं की ८७,९०० किलोकॅलरी येतात, त्याला ३,०२४ नं भागा, बरोबर २९. वीस टक्के फुगवटा फक्त गॅलनमुळे. साहेबांना दोष देऊ नका. आपल्याकडे १९५६ च्या वजनमापं कायद्यानंतर मेट्रिक आलं, त्याआधीच्या कागदांवरचा गॅलन ब्रिटिशच असायचा. जुन्या गिरणीचं ड्रॉइंग हातात असतं तर साहेबच बरोबर ठरले असते.

एक्सेलचे उणे ५३: कन्व्हर्ट फंक्शनला १० फॅरनहाइट दिले, त्यानं इमानदारीत उणे १२.२ सेल्सिअस परत केले. थर्मामीटरवर १० फॅरनहाइट दिसलं तर ते उणे १२.२ च आहे. पण इथे १० हे वाचन नाही, दोन वाचनांमधला फरक आहे. फरकाला ३२ वजा करायचे नसतात, नुसतं १.८ नं भागायचं. शीटमध्ये उत्तर उणे आलं म्हणून चूक दिसली तरी. ३६ अंशांचा फरक टाकला असता तर २० ऐवजी २.२ आले असते आणि कुणाच्या लक्षातही आलं नसतं.

---

उत्तर २: कागदपेन्सिल

वरच्यात भर, टन या शब्दाबद्दल. तो बर्फाचा टन आहे: २,००० पौंडांचा अमेरिकन छोटा टन, म्हणजे ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळायला लागणारी उष्णता. पौंडाला १४४ बीटीयू. २,००० × १४४ ÷ २४ = १२,०००. किलोच्या भाषेत ९०७.२ × ८० ÷ २४ = ३,०२४. दोन्ही बाजूंनी तोच टन.

जपाननं १,००० किलोचा टन धरला, म्हणून जपानी रेफ्रिजरेशन टन ३,३२० किलोकॅलरी/तास, म्हणजे ३.८६ किलोवॅटचा. जुन्या जपानी कोल्ड स्टोरेजच्या कागदांत हा सापडतो. नुसतं ‘आरटी’ वाचून ३,०२४ नं गुणलं की क्षमता जवळजवळ दहा टक्के कमी मोजली जाते.

डिप्लोमाच्या पुस्तकांत १ टीआर = मिनिटाला ५० किलोकॅलरी किंवा २१० किलोज्यूल असतो. त्यातून ३,००० आणि ३.५ येतात. परीक्षेला ठीक, अंदाजालाही ठीक. फक्त एका ओळीत ३,००० आणि दुसरीत ३,०२४ असं करू नका, नाहीतर शेवटी पाऊण टक्क्याची तफावत कुठून आली ते शोधत बसाल.

आणि तुमच्या ‘अ’ पार्टीचा टॉवर बघा, तिथे मेख आहे. कूलिंग टॉवरचा टन चिलरच्या टनाएवढा नसतो. टॉवरला चिलरची उष्णता तर काढायची असतेच, वर कॉम्प्रेसरनं खाल्लेली वीजही उष्णता होऊन तिथेच येते. म्हणून टॉवरवाल्यांचा टन १५,००० बीटीयूचा: ३ जीपीएम पाणी, १० अंश फॅरनहाइटचा फरक, ५०० × ३ × १०. म्हणजे ३,७८० किलोकॅलरी किंवा ४.४ किलोवॅट. जपानी-तैवानी कॅटलॉगमध्ये तो ३,९०० किलोकॅलरी असतो: मिनिटाला १३ लिटर, ५ अंश सेल्सिअसचा फरक, १३ × ६० × ५.

तुमचा हिशोब असा. चिलरचा भार ८५ किलोवॅट. लहान वॉटर कूल्ड स्क्रोल (कॉम्प्रेसरचा एक प्रकार) चिलर टनाला साधारण ०.८ किलोवॅट वीज घेतो असं धरा, म्हणजे २० किलोवॅट. टॉवरला जाणार १०५ किलोवॅट, म्हणजे ९०,३०० किलोकॅलरी. आता हेच ३,०२४ नं भागलं तर २९.९ ‘टन’, ३,७८० नं भागलं तर २३.९, ३,९०० नं भागलं तर २३.२. ‘२५ टीआरचा टॉवर’ पहिल्या टनाचा असेल तर अपुरा, दुसऱ्या-तिसऱ्याचा असेल तर पुरेसा. वेंडरला टन विचारूच नका. तासाला किती घनमीटर पाणी, किती अंशांवरून किती अंशांवर, आणि हवेच्या कोणत्या वेट बल्ब तापमानाला (ओल्या फडक्याच्या थर्मामीटरचं वाचन), हे तीन आकडे लिहून मागा. तुमच्या १०५ किलोवॅटला ५ अंशांच्या फरकानं १८ घनमीटर/तास लागेल.

---

उत्तर ३: चिलरवाला_भोसरी

टॉवरचं बरोबर आहे. आता तीन कोटेशनांची तुलना. इथे एकक बदलून भागत नाही. ब हा ९० भागिले ३.५१७ = २५.६ टीआर आणि क हा ७५,००० भागिले ३,०२४ = २४.८ टीआर. कागदावर दोन्ही २४.२ च्या वर. प्रत्यक्षात एक चालेल, एक नाही.

कारण चिलरची क्षमता पाणी किती थंड मागताय त्यावर बदलते. बाहेर जाणारं पाणी एक अंश सेल्सिअसनं गरम ठेवलं की क्षमता साधारण तीन टक्क्यांनी वाढते, एक अंशानं थंड मागितलं की तेवढीच घटते. एअर कूल्डमध्ये बाहेरची हवा एक अंशानं तापली की टक्काभर क्षमता जाते. हे अंगठ्याचे नियम आहेत, पण दिशा दाखवायला पुरतात.

तुम्हाला हवंय ५० फॅरनहाइट, म्हणजे १० सेल्सिअस. नाशिकच्या उन्हाळ्यासाठी हवा ४२ धरा.

ब: ९० किलोवॅट हे ७ अंशांच्या पाण्याला (१२/७ म्हणजे १२ ला आत, ७ ला बाहेर). १० अंशांना तीन अंशांची सूट, ९८ च्या आसपास. हवेचे सात अंश जास्त, सात टक्के वजा, ९१. गरज ८५ ची. सहा-सात टक्के हातात राहतात.

क: ७५,००० हे १५ अंशांच्या पाण्याला. १० अंशांना पाच अंश खाली, पंधरा टक्के गेले, ६४,००० च्या आसपास. हवेचे सात टक्के आणखी गेले. साठ हजारांच्या खालीवर, म्हणजे २० टीआरसुद्धा धड नाही. मे महिन्यात पाणी १० ला पोचणार नाही, सायकल टाइम वाढेल आणि दोष मोल्डवर जाईल.

अ: अटी लिहिलेल्याच नाहीत. अटींशिवाय २५ टीआर हा आकडा नाही, आश्वासन आहे.

तिघांनाही एकच वाक्य पाठवा: पाणी १५.६ वरून १० वर, १३.२ घनमीटर/तास, एअर कूल्डला हवा ४२ अंश, वॉटर कूल्डला तुमच्याकडच्या टॉवरचं पाणी जे असेल ते, या अटीला क्षमता आणि खाल्लेली वीज लेखी द्या. निवड सॉफ्टवेअरचं प्रिंटआउटच मागा. वर केलेली टक्केवारी मागणी लिहायला वापरा, खरेदीची ऑर्डर (पीओ) काढायला नाही.

अकाउंट्ससाठी: ९० किलोवॅट ही काढलेली उष्णता आहे, खाल्लेली वीज नव्हे. या दोघांचा भागाकार म्हणजे सीओपी. एअर कूल्ड स्क्रोलचा ३५ अंशांना सीओपी ३ धरला तर वीज ३० किलोवॅट. ४२ ला सीओपी उतरतो, वीज वाढते, ३५ पर्यंत धरून चाला, वर पंप. मंजूर भार याच्यावर मागा, आणि केबल-ब्रेकरसाठी नेमप्लेटवरचा कमाल करंट बघा, सीओपीतून काढलेला नको.

कुणी किलोवॅट/टीआर देईल, कुणी ईईआर (हेही कार्यक्षमतेचंच माप). ३.५१७ ला किलोवॅट/टीआरनं भागलं की सीओपी. ईईआर जर बीटीयू प्रति वॅट-तास असेल तर ३.४१२ नं भागलं की सीओपी. उदाहरणार्थ सीओपी ३ = ईईआर १०.२ = १.१७ किलोवॅट/टीआर. पण युरोपियन डेटाशीटवर ‘ईईआर ३.०’ दिसला तर तो आधीच वॅटला वॅट आहे, त्याला परत भागू नका. ओळखायची खूण: एअर कूल्डसाठी आकडा ३ च्या आसपास असेल तर वॅटचा, १० च्या आसपास असेल तर बीटीयूचा.

---

उत्तर ४: ज्वाला_आणि_धूर

बर्नरचं मी सांगतो. ४०० एमबीएच = ४,००,००० बीटीयू/तास = १,००,८०० किलोकॅलरी = ११७ किलोवॅट. हे बघून १ लाखाचा बर्नर काठावर कमी पडतो असं वाटेल. पडत नाही.

अमेरिकेत बर्नरचा इनपुट ग्रॉस कॅलोरिफिक व्हॅल्यूवर मोजतात, म्हणजे धुरातल्या वाफेची सुप्त उष्णता धरून. आपल्याकडचे आणि युरोपातले बर्नरवाले बहुतेक नेटवर बोलतात, ती न धरता. नॅचरल गॅसला ग्रॉस आणि नेटचं गुणोत्तर साधारण १.११, एलपीजीला १.०८ च्या आसपास, डिझेलला १.०६. तेव्हा तुमचे १,००,८०० ग्रॉस म्हणजे साधारण ९०,८०० नेट. १ लाख नेटचा बर्नर आला तर दहा टक्के हातात. पण त्याचा १ लाख खरोखर नेटच आहे का, हे एका ओळीत विचारून घ्या. आणि इनपुट म्हणजे ड्रायरला मिळणारी उष्णता नव्हे, चिमणीचा वाटा त्यातूनच जातो.

गॅसची लाइन मोजताना उलटं: पीएनजीचं (पाइपनं येणाऱ्या गॅसचं) बिल ग्रॉसवर असतं, म्हणून तिथे ग्रॉसच घ्या. बिलावरचा ग्रॉस समजा ९,५०० किलोकॅलरी प्रति घनमीटर असेल, तर १,००,८०० ÷ ९,५०० = तासाला १०.६ स्टँडर्ड घनमीटर. १ एमएमबीटीयू म्हणजे २,५२,००० किलोकॅलरी, या गॅसचे २६.५ घनमीटर. रेग्युलेटर आणि मीटर निवडताना स्टँडर्ड घनमीटर आणि लाइनमधल्या दाबाचे घनमीटर यांत गल्लत करू नका.

एमएमबीटीयू ही ऊर्जा आहे, एमबीएच ही शक्ती. तासानं भागलंय की नाही हे कागदावर बघायची सवय लावा. ‘१२,००० बीटीयूचा एसी’ म्हणतात तेव्हा ‘तासाला’ हा शब्द गिळलेला असतो.

बॉयलरवाल्यांची बोली आणखी वेगळी. टीपीएच (तासाला किती टन वाफ), एफ अँड ए १०० अंश: म्हणजे १०० अंशांचं पाणी १०० अंशांचीच वाफ. किलोला ५४० किलोकॅलरी, तेव्हा १ टीपीएच = ५,४०,००० किलोकॅलरी/तास = ६२८ किलोवॅट. अमेरिकन कागदावर ‘बॉयलर हॉर्सपॉवर’ दिसला तर तो ३३,४७५ बीटीयू/तास, ९.८१ किलोवॅट, वाफेत तासाला १५.६५ किलो. मोटरच्या ७४६ वॅटच्या एचपीशी त्याचं काही नातं नाही. १०० बीएचपीचा बॉयलर ७५ किलोवॅटचा समजून कुणी हीटर निवडला तर तेरा पट चूक.

---

उत्तर ५: डक्ट_आणि_डॅम्पर

एचपीचा विषय निघालाच आहे तर व्हीआरएफचा (एका आउटडोअरवर अनेक इनडोअर चालवणाऱ्या एसीचा) एचपी. १० एचपीचं आउटडोअर युनिट म्हणजे २८ किलोवॅट कूलिंग, ८ एचपीचं २२.४. एका ‘एचपी’ला २.८ किलोवॅट. ना मोटरचा एचपी, ना टन. १० एचपी म्हणजे १० टन समजणारे आर्किटेक्ट कमी नाहीत, ते भरतं ७.९६ टीआर.

मूळ प्रश्नात हवा नाही, पण पॅकिंग रूमचा एएचयू (हवा थंड करून खोलीत सोडणारं युनिट) मागोमाग येतोच, म्हणून लिहून ठेवतो. १ सीएफएम (मिनिटाला घनफूट) = ०.४७२ लिटर/सेकंद = १.७ घनमीटर/तास. टनाला ४०० सीएफएम हा नियम मेट्रिकमध्ये किलोवॅटला ५४ लिटर/सेकंद होतो. नुसती कोरडी उष्णता: १.०८ × सीएफएम × फॅरनहाइटमधला फरक = बीटीयू/तास, किंवा १.२ × लिटर/सेकंद × सेल्सिअसमधला फरक = वॅट. हे १.०८ समुद्रसपाटीचं आहे. मुंबईला चालतं, पुणे-नाशिकला हवा सहा-सात टक्के विरळ, तिथे १.०१ च्या आसपास घ्या. मेट्रिकमधल्या १.२ लाही तीच कात्री.

खरा सापळा एन्थाल्पीत, म्हणजे हवेतल्या एकूण उष्णतेत. १ बीटीयू/पौंड = २.३२६ किलोज्यूल/किलो हे पुस्तकात दिलेलं असतं आणि बरोबरही आहे, पण फक्त फरकासाठी. अमेरिकन सायक्रोमेट्रिक चार्टचं (हवेची उष्णता-आर्द्रता वाचायचा तक्ता) शून्य कोरड्या हवेसाठी ० फॅरनहाइटला, मेट्रिक चार्टचं ० सेल्सिअसला. दोन शून्यांत ३२ फॅरनहाइटचं अंतर, ते १७.८६ किलोज्यूल/किलो भरतं.

७५ फॅरनहाइट, ५० टक्के आर्द्रता: अमेरिकन चार्टवर २८.१. गुणिले २.३२६ = ६५.४. मेट्रिक चार्टवर त्याच हवेला ४७.५ दिसतील. फरक तोच १७.८६.

आता ४,००० सीएफएम हवा, एएचयूच्या कॉइलमध्ये आत जाताना ७५/५० टक्के, बाहेर पडताना ५५ फॅरनहाइट संपृक्त, म्हणजे २३.२. फरक ४.९. सूत्र ४.५ × सीएफएम × एन्थाल्पीचा फरक: ४.५ × ४,००० × ४.९ = ८८,२०० बीटीयू/तास, ७.३५ टीआर. मेट्रिकमध्ये फरक ११.४, हवा १,८८८ लिटर/सेकंद, १.२ नं गुणून २५.८ किलोवॅट, तेच ७.३५. पण आतली हवा अमेरिकन चार्टवरून २.३२६ नं गुणून घेतली (६५.४) आणि बाहेरची मेट्रिक चार्टवरून (३६.१), तर फरक २९.३ होतो आणि कॉइल १८.९ टीआरची निघते. एवढी मोठी कॉइल कुणी मागितली की पहिली शंका चार्टवर घ्या.

---

उत्तर ६: ईस्टकोस्ट_मराठी

अमेरिकेतून एक छोटी भर. इथल्या घरगुती फर्नेसवर मोठ्या अक्षरात इनपुट असतो. ८०,००० बीटीयू, ९५ टक्के एएफयूई (वर्षभराची सरासरी कार्यक्षमता) म्हणजे घरात ७६,०००, २२.३ किलोवॅट. भारतातून कुणी किलोवॅटमध्ये विचारलं तर आउटपुट सांगा. हीट पंपाची क्षमता दोन तापमानांना दिलेली असते, ४७ आणि १७ फॅरनहाइट. सेल्सिअसमध्ये ते अधिक ८.३ आणि उणे ८.३, लक्षात ठेवायला गंमतशीर. ३ टनाचं युनिट म्हणजे १०.५५ किलोवॅट हे कूलिंगचं नाममात्र, थंडीचा हिशोब १७ च्या आकड्यावर करावा.

इथला सीयर आणि तिकडचा आयसीयर (एसीच्या वर्षभराच्या कार्यक्षमतेचे आकडे) यांत नुसतं ३.४१२ नं भागून तुलना करू नये. एकक जुळेल, पण वर्षभराच्या तापमानाची गृहीतकं वेगळी आहेत.

---

उत्तर ७: कागदपेन्सिल

घरगुतीचं निघालंच तर: दीड टन म्हणजे हिशोबानं ५,२७५ वॅट. बीईईच्या (एसीला तारे देणारी सरकारी संस्था) लेबलवर क्षमता वॅटमध्ये छापलेली असते. ४,८०० असेल तर तो १.३६ टनाचा एसी आहे, खोक्यावर काहीही लिहिलेलं असो. दोन मॉडेलांच्या किमतींची तुलना वॅटवर करा.

---

नवखा_मेंटेनन्स

सगळ्यांचे आभार. साहेबांनी गॅलन मान्य केला. ‘क’ बाद. मागणीचा मसुदा असा केलाय, चूक असेल तर सांगा:

कूलिंग लोड ८५ किलोवॅट (७३,१०० किलोकॅलरी/तास, २४.२ टीआर, १ टीआर = ३,०२४ किलोकॅलरी/तास). माध्यम पाणी. फ्लो १३.२ घनमीटर/तास. परतीचं पाणी १५.६, बाहेर जाणारं १०.० अंश सेल्सिअस. बाहेरची हवा ४२ अंश. पंप हेड १८.३ मीटर (२६ पीएसआय).

आणि चिलर बसल्यावर क्षमता खरी आहे का ते कसं तपासायचं?

---

उत्तर ८: चिलरवाला_भोसरी

मसुदा चांगला आहे, तीन दुरुस्त्या.

२६ पीएसआयचे १८.३ मीटर बरोबर (पीएसआयला २.३१ फूट, ६० फूट), पण तो फक्त मशीनमधला ड्रॉप. चिलरचा इव्हॅपोरेटर, गाळणी, पाइप आणि व्हॉल्व्ह त्यात मिळवा, मग पंप हेड लिहा. १८.३ लिहिलंत तर पंप मशीनपर्यंत पोचेल, फ्लो पोचणार नाही.

‘पाणी’च्या पुढे ‘ग्लायकॉल नाही’ असं लिहा. कुणी उद्या तीस टक्के एथिलिन ग्लायकॉल टाकलं तर त्याच फ्लोला आणि त्याच फरकाला उष्णता साधारण आठ टक्के कमी वाहील. ५०० हा आकडा निव्वळ पाण्याचाच.

तिसरं, एअर कूल्डसाठी ‘समुद्रसपाटीपासून ६०० मीटर’ टाका. कंडेन्सरचा पंखा तेवढेच घनमीटर हलवतो, पण वजनानं हवा कमी.

तपासणीला फ्लो आणि दोन तापमानं लागतात. मशीन पूर्ण लोडवर, पाणी स्थिर होऊन अर्धा तास झालेला. रोटामीटर (फ्लो दाखवणारी नळी) मिनिटाला लिटरमध्ये असेल तर २२० च्या आसपास दिसायला हवेत. घनमीटर/तास × अंशांचा फरक × १.१६३ = किलोवॅट. पाइपवरच्या दोन्ही थर्मामीटर-पॉकेटमध्ये एकच थर्मामीटर आळीपाळीनं घाला आणि पॉकेटमध्ये थोडं तेल भरा. दोन वेगळे थर्मामीटर अर्ध्या अर्ध्या अंशानं उलट दिशेला चुकले तर ५.६ चा फरक ४.६ दिसतो, आणि ८५ किलोवॅटचा चांगला चिलर ७० चा ठरतो.